निकम सरांनी काढलेल्या नळ्या

निकम सरांवर मी लिहावं हे खरं तर बरोबर नाही. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. ते इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि मी सांगलीतच दुसऱ्या एका कॉलेजात बी.ए. करत होतो. त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलो, एवढाच माझा अधिकार. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. घरात हातानं लिहिलेलं काही असेल तर ते दारावर जनगणनावाल्यांनी खडूनं घातलेला आकडा. अशा घरातल्या मुलानं माणसाचं चित्र काढायला बसावं, हा आगाऊपणाच आहे. पण सरांवर त्यांच्या कॉलेजातलं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून भीतभीत लिहितो. यात मोटारीबद्दल जे येईल ते सरांनी मला समजावलं तसं आहे. चुकलं असेल तर समजून घेणाऱ्याचं चुकलं, सांगणाऱ्याचं नाही.

विश्रामबागेत रेल्वे रुळांच्या अलीकडे ओळीनं खोल्या होत्या. एकीत मी आणि संभा, शेजारच्या खोलीत निकम सर. संभा सरांच्याच कॉलेजात शिकत होता, त्यामुळे पुढची बरीच हकीकत त्याच्या तोंडची आहे.

सर उंच, काटकुळे. त्यांच्या शर्टाला खिसा नसायचा. शिंप्याला ते मुद्दाम सांगून खिसा शिवू द्यायचे नाहीत. खिसा असला की पेन ठेवावंसं वाटतं, पेन ठेवलं की शाई गळते, तेव्हा खिसाच नको. पेन लागलं की ते माझ्याकडून मागून न्यायचे. त्यांच्या सायकलला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं, स्टँड नव्हतं आणि घंटीही नव्हती. "घंटी कशाला? तोंड आहे की!" असं म्हणून ते भर बाजारातून "ओ, बाजू, बाजू!" ओरडत जायचे. पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल त्यांच्या पाठीवर खालून वर एका रेघेत उडायचा. त्या रेघेला पोरं 'सरांचा ग्राफ' म्हणायची. सरांना ते माहीत होतं. एकदा वर्गात कुणीतरी फिदीफिदी हसलं, तेव्हा सरांनी फळ्याकडून न वळताच विचारलं, "आज किती वर गेलाय?"

कुठलीही वस्तू हातात आली की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "याचं काम काय? सांग. सांगता येत नाही? मग काढ."

आमच्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तेव्हा त्यांनी तो दुरुस्त करायला घेतला आणि काढूनच टाकला. "सांगलीच्या उन्हाळ्यात पंखा हळू कुणाला लागतो?" तेव्हापासून पंखा एकाच वेगानं, म्हणजे सगळ्या वेगानं फिरायला लागला आणि संभा व मी ऐन मे महिन्यात चादरी ओढून झोपायला लागलो. पुढं कधीतरी त्यांची नजर कुकरच्या शिट्टीकडे वळली होती. पण तो कुकर गावाकडच्या घरातला, म्हणजे सरांच्या बायकोचा, वहिनींचा होता.

"माझ्या कुकरला हात लावायचा न्हाई," वहिनी म्हणाल्या. "त्या शिट्टीचं काम काय ते मला म्हाईत हाय."

सरांनी मान्य केलं. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं की ते लगेच मान्य करायचे, हे मुद्दाम सांगायला हवं.

वहिनी कोरेगावजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मुलगी रूपा त्यांच्याजवळ. सर दर शनिवारी दुपारी पुण्याकडे जाणारी पॅसेंजर पकडून कोरेगावला जायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे. माझंही गाव त्याच बाजूला असल्यानं कधीकधी मी बरोबर असे. एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा रूपानं तांब्याभांडं आणून आमच्यापुढं ठेवलं. मला नवल वाटलं नाही, मी पाहुणाच होतो. पण सरांनी जेवताना हसतहसत सांगितलं, "आमच्या घरात घरच्यांनी माठातून आपलं आपण पाणी घ्यायचं आणि पाहुण्याला तांब्याभांडं द्यायचं, अशी पद्धत आहे. मला तांब्याभांडं मिळतं."

वहिनी वाढत होत्या. त्यांनी सरांना आणखी एक भाकरी वाढली, तीही पाहुण्याला आग्रह करतात तशी.

कारण असं की सर कॉलेजात तात्पुरते होते. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं कंसात 'ता.' असं लिहिलेलं असायचं. दर एप्रिलअखेर संस्था त्यांना काढायची आणि जुलैत पुन्हा घ्यायची. जगातल्या प्रत्येक वस्तूतून नको ते काढून टाकणाऱ्या या माणसाला ते एक 'ता.' मात्र काढता येत नव्हतं. आणि नवरा कायम झाल्याशिवाय बायकोला एकत्र राहण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात बदली मिळत नव्हती. सगळं त्या एका अक्षरावर अडलं होतं. सांगलीला दोन खोल्यांचं घर बघायचं, रूपाला तिथल्या शाळेत घालायचं, हे बोलणं त्या घरात इतकी वर्षं चाललं होतं की रूपा ज्या शाळेत जाणार होती त्या शाळेच्या वयातून ती बाहेर पडायला आली होती.

अशात संस्थेच्या अध्यक्षांचे जावई सिंगापूरहून परत आले. सगळी संस्था त्यांना जावईबापूच म्हणायची; त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. येताना त्यांनी लाल रंगाची एक जपानी मोटार आणली होती. ठेंगणी, रुंद, दोनच दारांची. ती टर्बो होती. कॉलेजच्या आवारात ती प्रथम आली तेव्हा संभा त्या दिवशी जेवला नाही.

टर्बो म्हणजे काय ते सरांनी मला आमच्या ओट्यावर बसून समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो पंखा बाहेरची हवा आत कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. पण कोंबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून तिला गार करायला वाटेत एक जाळी बसवलेली असते.

"इथपर्यंत शहाणपणा आहे," सर म्हणाले. "पुढचं ऐक. गार झालेली हवा ज्या तोंडातून इंजिनात शिरते ना, त्या तोंडाला एक झडप असते. त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात. तर त्या तोंडाभोवती आणि पुढच्या हवेच्या वाटेभोवती यांनी नळ्या घालून इंजिनाचं उकळतं पाणी फिरवलंय! एका हातानं गार करायची आणि दुसऱ्या हातानं तापवायची!"

"पण का?" मी विचारलं.

"जपानात बर्फ पडतो. झडप गोठते. म्हणून शेकोटी ठेवलीय." सर उठून उभे राहिले. "आपल्या सांगलीत झडप गोठली तर मी स्वतः पेपरात बातमी देईन."

जावईबापूंनी त्यांना बोलावलं ते वेगळ्याच कारणानं. गाडीला म्हणावी तशी ताकद वाटत नव्हती. खरं म्हणजे गाडीत ताकद भरपूर होती. ती वापरायला रस्ता नव्हता. पण हे जावईबापूंना सांगणार कोण? कॉलेजात कायम असलेले सगळे प्राध्यापक गाडीभोवती फिरून "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि आपापल्या वर्गावर गेले. निकम सरांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा तो प्रश्न विचारला.

"या नळ्यांचं इथं काम काय?"

"तुम्हीच सांगा सर," जावईबापू म्हणाले.

"काही नाही."

"मग काढा की!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरांना त्यांच्याच शब्दांत आज्ञा केली होती. संभा सांगतो, सरांनी वर्कशॉपच्या दारात ती गाडी घेतली आणि देवघरात शिरावं तशा चपला बाहेर काढून कामाला लागले. इंजिन गार होऊ दिलं, कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी, परातीत काढून घेतलं, क्लिपा सैल करून थ्रॉटल बॉडीच्या आणि तिच्या पुढच्या नळ्या काढल्या. पाणी जिथून यायचं आणि जिथं परत जायचं ती दोन टोकं एका नव्या नळीनं एकमेकांना जोडून दिली, म्हणजे पाण्याचा फेरा पुरा होईल पण हवेच्या वाटेला शिवणार नाही. कूलंट पुन्हा भरलं, आतली हवा बुडबुडे काढत काढत घालवली. काढलेल्या नळ्या त्यांनी उंच धरून मुलांना दाखवल्या. वजन काही खास नव्हतं, पण सरांचा चेहरा गाडी निम्मी हलकी झाल्यासारखा होता.

जावईबापू गाडी घेऊन थेट कोयनानगरच्या घाटात गेले. परत आले ते आनंदानं वेडे होऊन.

"सर, काय केलंत काय हे! गाडी उभी केली तरी गुरगुरती! घाटात चहाला थांबलो तर हॉटेलातली समदी माणसं बाहेर आली बघायला. आधी कशी शेळीवानी उभी राहायची. आता वाघ हाय वाघ!"

खरोखरच गाडीत तो बदल झाला होता. आता ती कुठंही उभी असली तरी इंजिन मोठ्यानं रेस होत राहायचं. कॉलेजच्या फाटकाशी जावईबापू उगाचच पाच मिनिटं गाडी चालू ठेवून थांबायचे. वाचनालयातल्या मुलींसकट सगळं कॉलेज खिडक्यांत यायचं. सिंगापूर सोडून इथं राहायला आल्यापासून जावईबापू कुरकुरत होते म्हणे, ती कुरकूर थांबली. त्यामुळे अध्यक्षांच्या घरात शांतता झाली आणि अध्यक्षांनी सरांना बंगल्यावर बोलावून चहा पाजला.

"जूनमध्ये तुमचं काम करून टाकू," अध्यक्ष म्हणाले. "आणखी काही अडचण?"

सरांनी चाचरत वहिनींच्या बदलीचं सांगितलं. अध्यक्षांनी तिथल्या तिथं कुणाला तरी फोन लावला. "आपल्या मास्तरांचं काम आहे. नियमात बसत नसलं तर बसवा." फोन ठेवून त्यांनी जावयाच्या गाडीची चौकशी केली, आणि सर घरी आले ते पेढे घेऊनच. मलाही मिळाले. सरांनी त्या दिवशी घर बघायला सुरुवात केली.

तेव्हा मे महिना जवळ आला होता. वहिनींच्या शाळेला कॉलेजच्या आधी सुटी लागली, त्या आणि रूपा सांगलीला राहायला आल्या, घरं बघून झाली, एक जवळजवळ पक्कंही झालं. आणि एके दिवशी सर शेवटचा तास घेत असताना फाटकाशी जावईबापूंची गाडी येऊन उभी राहिली आणि गुरगुरायला लागली. संभा वर्गात होता. तो म्हणाला, सर फळ्यावर लिहीत होते ते थांबले. खडू तसाच फळ्याला टेकलेला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग म्हणाले, "दुपार झाली ना रे?" पोरांना काही कळेना. "व्हय सर, दुपारच." सर खाली बसले.

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी मला सांगितलं. त्या थ्रॉटल बॉडीच्या पोटात मेणाची एक गोळी असते. सकाळी इंजिन गार असतं तेव्हा मेण आखडलेलं असतं आणि बाजूनं थोडी जास्त हवा जाऊ देतं, म्हणून गार इंजिन बंद न पडता जोरात चालतं. मग इंजिन तापतं, गरम पाणी नळ्यांतून त्या गोळीपर्यंत पोचतं, मेण फुगतं आणि ती जादा वाट बंद होते. गाडी शांत होते.

"पाणीच काढून घेतल्यावर मेणाला कळणार कसं?" सर म्हणाले. "इंजिन तापून बेजार झालंय, कोयनेचा घाट चढून आलंय, आणि मेणाच्या हिशेबानं अजून पहाटच आहे. नळ्यांना काम होतं रे. मी विचारलं, पण उत्तर यायच्या आत काढल्या."

वहिनी आत भाजी निवडत होत्या. त्या दारात आल्या.

"गाडी चालती का?"

"चालते."

"मालक खूश हाय?"

"फार."

"मग तुमाला काय दुखतंय?"

"अगं, पेट्रोल फुकट जळतंय. इंजिन उगाच झिजतंय. चुकलंय ते."

"इंजिन झिजतंय ते कळलं तुमाला," वहिनी म्हणाल्या. "आमी दोघी तिकडं इतकी वर्सं झिजतोय, तवा न्हाई आवाज आला तो?"

मी उठून आमच्या खोलीत गेलो, पण भिंत पातळ होती. बऱ्याच वेळानं वहिनींचा आवाज आला, आता हलका. "आवं, जून होऊन जाऊ द्या. मग घाला की परत त्या नळ्या. कोण नको म्हणतंय?"

वहिनींचं म्हणणं मला पटलं होतं. आजही पटतं. सरांनाही पटलं असावं, कारण ते काही दिवस गप्प राहिले. फक्त एकदा जाऊन त्यांनी जावईबापूंना सगळं नीट समजावून सांगितलं. जावईबापूंनी ऐकून घेतलं आणि हसले.

"तुम्ही शिकलेली माणसं, सर, सुख लागलं की शंका काढता. मेण म्हणं! गाडीत कुठं मेणबत्ती असती व्हय?"

सर परत आले ते जरा मोकळे वाटले. सांगून झालं होतं. प्रकरण तिथं मिटलं असतं. पण एप्रिलअखेर नेहमीप्रमाणे काढलं तरी सर सुटीत वर्कशॉपवर जायचेच, संभालाही न्यायचे; तिथं एका सकाळी जावईबापूच गाडी घेऊन हजर झाले. त्यांना आता चटक लागली होती. "सर, अजून काही काढता येतंय का बघा की. दुपारी येतो न्यायला." किल्ली दिली आणि गेले.

गाडी, वर्कशॉप, किल्ली आणि कपाटावर ठेवलेल्या त्या नळ्या. संभा म्हणतो, सरांनी गाडीला दोनतीन फेऱ्या मारल्या. मग वर्कशॉपच्या दाराशी जाऊन बाहेर बघितलं, जसं काही कुणी येऊन आपल्याला थांबवील तर बरं. कुणी आलं नाही. सुटी होती. सरांनी चपला काढल्या आणि नळ्या परत बसवल्या. क्लिपा मात्र नव्या घातल्या, स्वतःच्या पैशानं. पाणी भरून गाडी सुरू केली. ती रेस झाली, तापत गेली, आणि हळूहळू खाली येत अशी शांत झाली की चालू आहे का बंद ते बॉनेटवर हात ठेवून बघावं लागलं. सर हात ठेवून उभे राहिले. संभाच्या मते त्यांना आनंद झाला होता. मला ते खरं वाटत नाही, पण मी तिथं नव्हतो.

दुपारी जावईबापू आले. किल्ली फिरवली, थोडं अंतर गेले, परत आले.

"गाडी मेली की हो सर!"

"मेली नाही, बरी झालीय," सर म्हणाले.

अध्यक्षांच्या बंगल्यावर बातमी गेली ती अशी, की निकम सरांनी जावयाच्या गाडीतली ताकद काढून घेतली. जूनमध्ये कायम झालेल्यांत सर नव्हते. कायम झाले ते गाडीभोवती फिरून "उत्तम" म्हणणाऱ्यांपैकी एकाचे मेहुणे. सरांना पुढच्या वर्षी बघू असं सांगण्यात आलं. नव्यानं बघितलेलं घर दुसऱ्या कुणी घेतलं. वहिनी आणि रूपा शाळा उघडायच्या आधी गावी गेल्या. त्यांना पोचवायला मी सरांबरोबर सांगली स्टेशनवर गेलो होतो. गाडी सुटताना वहिनी खिडकीतून मला म्हणाल्या, "जेवतात का न्हाई तेवढं बघत जा." मग सरांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मेणाची तरी पहाट सरली म्हणायची."

रागानं म्हणाल्या की कौतुकानं, हे मला तेव्हाही कळलं नाही. सर मात्र पुढं बरेच दिवस ते वाक्य आठवून स्वतःशी हसायचे.

जावईबापूंनी त्यानंतर मिरज, कोल्हापूर, पुण्यापर्यंत मेकॅनिक पालथे घातले, पण गाडीला तो आवाज पुन्हा कुणालाच आणता आला नाही. गाडी सुधारायला सगळे तयार होते. नेमकी तेवढीच बिघडवून देणारा कुणी भेटला नाही. आणि निकम सरांना विचारायला आपण जाणार नाही, हे जावईबापूंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सर त्या दिवाळीपर्यंत राहिले. मग एका सोमवारी ते आलेच नाहीत. नंतरच्या आठवड्यात सामान न्यायला आले. सामान म्हणजे एक वळकटी, पुस्तकांचं खोकं आणि सायकल. कोरेगावात नवीन तंत्रनिकेतन निघालं होतं, तिथं त्यांना घेतलं होतं. पगार कमी, पण घरून जाऊन येऊन. "आधी हे सुचलंच नाही बघ," ते म्हणाले. "सगळ्यांना इकडं आणायचं म्हणून बसलो. एकट्यानं तिकडं जायचं, इतकं सोपं होतं." फलाटावर ते पॅसेंजरच्या मालडब्यापाशी सायकल आत चढवत होते. हमालानं सायकल धरायला कॅरिअर शोधलं, मग घंटी शोधली, मग वैतागून विचारलं, "साहेब, धरू कुठं हिला?" सर त्याला सायकल कशी धरायची ते समजावून सांगत असतानाच गाडी हलली आणि दोघंही तिच्याबरोबर चालायला लागले. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

त्यानंतर माझी परीक्षा झाली, मी गावी आलो. सरांकडे एकदा जाऊन यावं असं रोज वाटायचं. आता ते घरी असतील, रूपा दोघांच्या मध्ये अभ्यासाला बसत असेल, असं मनात धरून मी समाधानात होतो. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या स्टँडवर संभा भेटला. तो कोरेगावला सरांना भेटूनच येत होता.

"कसे आहेत सर?" मी विचारलं.

"बरे हायत. एकटेच असत्यात."

"एकटे? आणि वहिनी?"

"वहिनींची बदली झाली की गड्या, सांगलीला." संभा मला ती बातमी हळू आवाजात सांगत होता, जसं काही त्याचीच चूक होती. "अध्यक्षांनी तवा फोन केला होता न्हवं का? ते कायम करायचं त्यांनी थांबवलं, पण हा फोन कुणाच्या ध्यानातच राहिला न्हाई. तो कागद आपला टेबलावरनं टेबलावर फिरत राहिला आणि आता हुकूम निघाला. हजर व्हावंच लागलं त्यांना. रूपाचं नाव पण तिकडच्याच शाळेत घातलंय."

मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं. "मग सर का जात नाहीत सांगलीला? तिकडं मिळेल की काहीतरी."

"मी पण तेच म्हणलो," संभा म्हणाला. "तर म्हणाले, आता नको हलायला. इथं दिवाळीनंतर कायम करतो म्हणालेत."